बेशरमाला हिरवा रंग

गेल्या महिन्यात जुन्या ऑफिसातून फोन आला. पिंपळखुटे सर निवृत्त होताहेत, त्यांच्यावर गौरवअंक काढायचा आहे, तुम्ही सात वर्षं त्यांच्या हाताखाली होतात, तर दोन पानं लिहून द्या. "चार चांगले शब्द हवेत मॅडम," फोनवरची मुलगी म्हणाली. मी दोन दिवस कागद पुढ्यात घेऊन बसले. चार सोडा, दोनही सुचले नाहीत. शेवटी तब्येत बरी नाही म्हणून कळवलं आणि सुटले. पण हा माणूस एकदा डोक्यात शिरला की आपणहून निघत नाही. म्हणून लिहितेय. अंकासाठी नाही.

आधीच सांगून टाकते, मला ते आवडत नव्हते. आजही आवडत नाहीत. अशा लिखाणात शेवटी शेवटी लिहिणारा विरघळतो आणि माणूस वरून काटेरी पण आतून गोड होता असं काहीतरी निघतं. सर आतूनही तसेच होते. मी सात वर्षं बघितलंय.

आमचं ऑफिस वाडीला होतं, अमरावती रोडवर, एका ट्रान्सपोर्टच्या गोदामाच्या वर. खाली दिवसभर ट्रक मागे-पुढे व्हायचे, हमालांचा आरडाओरडा चालायचा, डिझेलचा वास जिन्याने वर यायचा. आणि वर आम्ही सातजण उपग्रहाने काढलेली चित्रं बघत बसलेलो. कुठल्या तालुक्यात किती झाडोरा आहे, कुठे वाढला, कुठे गेला, हे नकाशावर रंगवून सरकारी खात्यांना द्यायचं, हा आमचा धंदा. हिरवा रंग म्हणजे झाडी दाट, पिवळा म्हणजे विरळ, लाल म्हणजे काही नाही. खिडक्यांना सरांनी काळे कागद चिकटवून घेतले होते, कारण बाहेरचा उजेड आला की पडद्यावरचे रंग फिके दिसतात. झाडं मोजणाऱ्या त्या खोलीतून एकही झाड दिसत नसे. सरांच्या टेबलावर तेवढं एक प्लास्टिकचं मनी प्लांट होतं. दर सोमवारी ते स्वतः ओल्या फडक्याने त्याचं एकेक पान पुसायचे. माणसांना त्यांनी इतक्या हळुवारपणे कधी वागवल्याचं मला आठवत नाही.

शिकवायचे मात्र छान. हे लिहिताना बोटं दुखतात, पण खरं आहे. पहिल्या दिवशी मला शेजारी बसवून त्यांनी सगळं पाच मिनिटांत सांगितलं होतं. "हे बघा सरोदे, जिवंत पान लाल प्रकाश गिळतं. आणि लालच्या पलीकडचा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा प्रकाश परत फेकतं. उपग्रह वरून दोन्ही मोजतो. दुसऱ्यातून पहिला वजा करा, दोघांच्या बेरजेने भागा. उत्तर एकाकडे सरकलं की रान दाट. शून्याच्या जवळ असलं की उघडी माती. शून्याच्या खाली गेलं की पाणी. याला म्हणतात एनडीव्हीआय. एवढंच शास्त्र, बाकी सगळी हमाली."

मी प्रभावित झाले होते. मग त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "तुमचा इंडेक्स सध्या शून्य पूर्णांक दोन. पडीक जमीन. बघू, काही उगवतं का."

हा त्यांचा लाडका खेळ होता. ऑफिसातल्या प्रत्येकाला ते इंडेक्स द्यायचे. साहेबांच्या साहेबाला शून्य पूर्णांक आठ, म्हणजे घनदाट जंगल. चहावाल्याला शून्य पूर्णांक सहा, कारण तो वेळेवर यायचा. आम्हाला रोज वेगळा. चूक झाली की आकडा खाली, आणि तो सगळ्यांसमोर जाहीर व्हायचा. एकदा नव्याने आलेल्या एका मुलीने नकाशाची सीमा चुकवली. सरांनी तिला असं काही धारेवर धरलं की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तर हे म्हणतात, "अरे, या तर मायनसमध्ये गेल्या. पाणी लागलं!" शून्याच्या खाली पाणी असतं ना, म्हणून. सगळं ऑफिस हसलं. मीही हसले. त्या मुलीने दोन आठवड्यांत नोकरी सोडली, आणि माझं ते हसणं मला अजून टोचतं.

आम्ही दोघंही नंदनवन वस्तीतले, म्हणजे वाडीहून शहराच्या थेट दुसऱ्या टोकाचे. त्यांचं घर माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. रोज सकाळी मी अख्खं शहर ओलांडून स्कूटीवर वाडीला पोचायचे, धुळीने चेहरा ओळखू येत नसे. सरांची गाडी रिकामी माझ्या बाजूने निघून जायची. सात वर्षांत एकदाही "चला" म्हणाले नाहीत. उलट एकदा म्हणाले, "सरोदे, वर्धमाननगरच्या सिग्नलला तुम्ही लाल दिव्यात उभ्या होत्या, झेब्रा पट्ट्यांवर." गाडीत बसून माझी चूक टिपून घेतली होती.

"पिक्सेल खोटं बोलत नाही" हे त्यांचं ब्रह्मवाक्य. पिक्सेल म्हणजे उपग्रहाच्या चित्रातला एक चौकोन, जमिनीवर एखाद्या मोठ्या अंगणाएवढा. त्या चौकोनावर त्यांचा जितका विश्वास, तितका जिवंत माणसावर अविश्वास. नियमाप्रमाणे नकाशा तयार झाला की पन्नास ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन खात्री करावी लागते, रंग बरोबर आलेत का म्हणून. सर त्याला पायपीट म्हणायचे. "शेतात गेलेला माणूस बिघडतो," म्हणायचे. "तिथे तुम्हाला कोणी ताक पाजतं, कोणी रडून दाखवतं आणि तुमचा आकडा हलतो." म्हणून आमची पन्नास ठिकाणं बहुतेक वेळा टेबलावरच तपासली जायची. यादी यायची, प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण, खाली सही. सही कधी माझी, कधी दुसऱ्या कुणाची. सरांची कधीच नाही.

एकदा एका गावाचा हरित पट्टा तीन वर्षांत केवढा वाढला, याचा नकाशा आम्ही केला. मधोमध हिरवागार मोठा ठिपका. मी त्या बाजूने बरेचदा गेलेली, मला ती जागा माहीत होती. म्हटलं, "सर, तो तलाव आहे. सगळा जलपर्णीने भरलाय. लोकांनी तिथे कपडे धुणंही सोडलंय." सर पडद्याकडेच बघत म्हणाले, "उपग्रहाने विचारलं होतं का, कशाचं हिरवं आहे? हिरवं ते हिरवं." पुढच्या आठवड्यात त्या नकाशासमोर अधिकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मेलेल्या तलावासाठी वाजलेल्या टाळ्या मी तेवढ्या एकदाच ऐकल्या. परत येताना सर खुशीत होते, त्या दिवशी मला शून्य पूर्णांक चार मिळाला.

त्यांच्या घरी मी एकदाच गेले. पाय मुरगळून ते रजेवर होते आणि एका कागदावर त्यांची सही हवी होती. दार त्यांच्या पत्नीने, कुंदाकाकूंनी उघडलं. ठेंगणी, हसरी, अघळपघळ बाई. "ये वं, बस. ऑफिसातली होय ना तू? चेहऱ्यावरूनच समजते, सुकून गेली पोरगी," म्हणाल्या आणि मला हसू आवरेना. भिंतीवर एका म्हाताऱ्या गृहस्थांचा मोठा फोटो होता. पांढरं धोतर, उन्हाने रापलेला चेहरा, मागे संत्र्याची झाडं. मी बघतेय हे पाहून काकू म्हणाल्या, "हे आमचे मामंजी, महादेवराव. काटोलच्या बाजूले बाग होती त्याइची. नऊशे झाडं. लोकं दुरून दुरून विचाराले येत, बागेले कधी काय करा म्हणून."

आतल्या खोलीतून सरांचा आवाज आला. "कुंदा, त्यांना काम असेल. आणि बागेचं मला काही आठवत नाही, मी लहानपणीच वसतिगृहात आलो. बाग कधीच विकली."

काकू चहा टाकायला गेल्या. मला मात्र त्या दिवशी सरांची थोडी कीव आली. एवढ्या मोठ्या बागायतदाराचा मुलगा, आणि संत्र्याचं झाड पडद्यावरच बघतो, असं वाटलं. ती कीव फुकट गेली, हे पुढे कळलं.

आता मुख्य गोष्ट. काटोलकडच्या एका लहान धरणाच्या पाण्यावर उन्हाळ्यात बागा जगतात. पाणी दरवर्षी कमीच, म्हणून त्या साली पाण्याच्या खात्याने ठरवलं की फक्त जिवंत बागांना पाण्याची पाळी द्यायची. वाळलेल्या, सोडून दिलेल्या बागांच्या नावावर पाणी वाया जायला नको. ठरवलं ते योग्यच. जिवंत कोण आणि वाळलेलं कोण, हे सांगायचं काम आमच्याकडे आलं. हिरवं दिसलं तर पाळी, लाल दिसलं तर नाव यादीतून बाद. पहिली पाळी मार्चमध्ये सुटणार होती.

सरांनी जानेवारीतलं चित्र घेतलं. जानेवारीत आभाळ स्वच्छ असतं, एक ढग नसतो, चित्र कसं आरशासारखं. महिनाअखेर त्यांना तो नकाशा वरिष्ठांसमोर मांडायचा होता. पावसाळ्यानंतरची, नोव्हेंबरची चित्रंही उपलब्ध होती. मी विचारलं, दोन्ही जोडून बघू या का. "एक तारीख, एक नकाशा," सर म्हणाले. "दोन तारखा घेतल्या की दोन सत्यं होतात." मग पन्नास ठिकाणांची यादी माझ्याकडे आली. मी म्हटलं, जाऊन येते, काटोल काही लांब नाही. सर म्हणाले, "उद्या सकाळपर्यंत हवी. बसून करा." मी बसून केली. पन्नास ओळी, पन्नास खुणा, खाली माझी सही.

फेब्रुवारीच्या मध्यावर एक बाई जिना चढून वर आली. पन्नाशीची असेल, नऊवारी नव्हे, साधं पाचवारी पातळ, पायात रबरी चपला, हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. काटोलहून एसटीने आली होती आणि वाडीच्या ट्रकांमधून विचारत विचारत आमच्यापर्यंत पोचली होती. नाव कमलाबाई ढोके. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, चारशे झाडांची बाग ती एकटी सांभाळत होती. तिने सरांच्या टेबलावर, त्या प्लास्टिकच्या झाडाच्या शेजारी, फडकं उलगडलं. आत संत्र्याची एक डहाळी होती, पांढऱ्या फुलांनी लगडलेली. त्या बंद, काळ्या खोलीत एकाएकी वास पसरला. आम्ही सातहीजण आपापल्या जागेवरून माना वर करून बघत होतो.

"साहेब जी, तुमच्या नकाशात आमची बाग मेली म्हणून लिवलं आहे," ती म्हणाली. "हे पाहा. मेलेलं झाड फुलते का?"

सर म्हणाले, "बाई, जानेवारीत तुमच्या बागेत पानांचा पत्ता नव्हता. उपग्रहाने पाहिलंय."

"जानेवारीत ताण देल्ला होता जी! आंबिया बहार घ्याचा तर ताण द्याच लागते. सारे देतात."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. मलाही ते त्याच दिवशी कळलं. संत्र्याला भरपूर फूल यावं म्हणून डिसेंबर-जानेवारीत महिना-दीड महिना पाणी तोडतात. जमीन वखरून उघडी टाकतात. झाड मलूल होतं, पानं वळतात, पिवळी पडतात, काही गळतात. बघणाऱ्याला वाटावं की गेलं. मग नेमक्या दिवशी पाणी सोडतात आणि झाड फुलून येतं. याला ताण देणं म्हणतात, आणि त्यातून येणाऱ्या फुलोऱ्याला आंबिया बहार. म्हणजे ज्यांनी बाग नीट सांभाळली होती, शिस्तीत ताण दिला होता, त्या साऱ्या बागा आमच्या नकाशात लाल झाल्या होत्या. आमच्या शास्त्रात काही खोट नव्हती. आम्ही झाडाला त्याच्या उपासाच्या दिवशी वजनकाट्यावर उभं केलं होतं.

कमलाबाई पुढे बोलतच होत्या. "आमच्या धुऱ्याले लागून नाल्याकाठी एक बाग आहे. मालक पाच सालापासून फिरकला नाही. एक झाड जित्तं नाही तिच्यात. सारी बेशरम वाढली आहे, माणूस दिसत नाही एवढी. तिले तुम्ही पाणी देल्लं. अन् मले नाही."

मी पडद्यावर तो नकाशा उघडला. नाल्याकाठचा चौकोन गर्द हिरवा. शेजारी कमलाबाईंचा लालभडक. ज्या झुडपाला कोणी लावत नाही, गुरं तोंड लावत नाहीत, म्हणून लोकांनी ज्याचं नावच बेशरम ठेवलंय, ते आमच्या ऑफिसाच्या लेखी फळबाग ठरलं होतं.

"उपग्रहाला ताण कळत नाही, बाई," सर म्हणाले.

"त्याले नाही कळत. पण तुमाले तं सांगून राहिली ना मी." मग ती त्यांच्याकडे जरा निरखून बघायला लागली. "तुम्ही पिंपळखुटे होय ना? महादेवरावचे कोणी लागता का? आमच्या मालकाले ताण कसा तोडा, हे त्याइनंच शिकवलं होतं."

सर म्हणाले, "वडील होते. पण मी शहरात वाढलो. बागेतलं मला काहीही कळत नाही. आणि यादी आता गेलेली आहे. शिवाय प्रत्यक्ष तपासणीही झालेली आहे." आणि त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "या मॅडमची सही आहे."

कमलाबाई माझ्याकडे वळल्या. रागाने नाही, खरोखरच आठवायचा प्रयत्न करत. "तुम्ही आल्ता का वं आमच्या वावरात? मले नाही दिसल्या."

जमीन दुभंगावी असं पुस्तकात वाचलं होतं, त्या दिवशी त्याचा अर्थ कळला. त्या पन्नासातली एक ओळ या बाईची होती. चारशे झाडं आणि वर्षभराचा बहार मी बरोबरच्या एका खुणेत लाल करून ठेवला होता. मी मान हलवली, नाही म्हणून. कमलाबाईंनी डहाळी तिथेच ठेवली आणि गेल्या. सरांनी शिपायाला सांगून ती उचलायला लावली, फुलांच्या वासाने डोकं चढतं म्हणून.

त्या आठवड्यात मी नोव्हेंबरचं चित्र काढलं आणि नकाशा पुन्हा केला. नोव्हेंबरात हिरवी आणि जानेवारीत एकदम उतरलेली, ती ताणातली बाग. दोन्ही वेळा एकसारखी हिरवी, तिथे जाऊन बघा, बेशरम असेल. दोन्ही वेळा लाल, ती खरोखर गेलेली. एवढं सोपं होतं. सरांना दाखवलं. त्यांनी पूर्ण बघितलं, एकही चूक काढली नाही, आणि म्हणाले, "हे बाहेर गेलं तर पहिली सही तुमची खोटी ठरेल. नोकरी कुणाची जाईल?" धमकी देतानाही आवाज चढला नाही. चढवायची गरज नव्हती.

मी घाबरले. खोटं कशाला सांगू, तीन आठवडे घाबरून बसले. कागद पिशवीत घेऊन जायची आणि तसाच परत आणायची. मग एका सकाळी वाडीला न जाता थेट पाण्याच्या खात्यात गेले. तिथल्या इंजिनिअरसमोर दोन्ही नकाशे ठेवले, आणि पन्नास ठिकाणं मी टेबलावर बसून तपासली हेही सांगितलं. तो भला माणूस निघाला. चौकशी झाली, यादी बदलली. पण सरकारी कागद हलायला लागतो तेवढा वेळ लागलाच. मार्चची पाळी गेली होती, एप्रिलचीही गेली. मेमध्ये कमलाबाईंच्या चारीला पाणी आलं. मी त्या वेळी तिथे गेले होते, पहिल्यांदा. झाडाखाली बोराएवढी हिरवी फळं गळून पडली होती, पाय ठेवायला जागा नव्हती. विहिरीच्या पाण्यावर त्यांनी झाडं तेवढी जगवली होती. बहार गेला. नाल्याकाठच्या बेशरमाला दोन्ही पाळ्या वेळेवर मिळाल्या होत्या.

नकाशा करून तीन आठवडे घाबरून बसले होते, हेही मी त्यांना सांगितलं. कमलाबाई मला एक शब्द वाईट बोलल्या नाहीत. "तीन हप्ते पहिले आली असती तं बरं झालं असतं," एवढंच म्हणाल्या. ते खरंच होतं.

आणि सर? सरांचं काय झालं असेल, ओळखा. माझी नोकरी गेली नाही, कारण ती गेली असती तर सरांनाही उत्तर द्यावं लागलं असतं. माझा दोन तारखांचा नकाशा त्यांनी स्वतःच्या नावाने मांडला. त्याला नावही दिलं, ताण-दुरुस्ती. वर्षअखेरपर्यंत ठिकठिकाणी भाषणं दिली. शेतकऱ्यांच्या परंपरागत ज्ञानाचा आदर वगैरे शब्द वापरायला लागले. पन्नास जागांवर पायपीट करायला आता सगळ्यांना पाठवायला लागले, स्वतः सोडून. मी राजीनामा दिला.

इतकं सगळं होऊनही मी मनात त्यांना एक सूट दिलेली होती. वाटायचं, अडाणी आहे बिचारा. घमेंडी आहे, पण अडाणी. वडिलांची बाग लहानपणीच सुटली, ताण म्हणजे काय हे त्याला कुणी सांगितलंच नाही. जे माहीत नाही ते माणूस कसं दुरुस्त करणार? अशी समजूत घालून मी झोपत होते.

माझा ऑफिसातला शेवटचा आठवडा होता, पुढच्या वर्षीचा जानेवारी. ताण-दुरुस्तीची माहितीपत्रिका निघणार होती आणि तिच्यासाठी अधिकाऱ्यांसोबत बागेत फोटो काढायचा होता. बाग ठरली कमलाबाईंची. सर पहिल्यांदाच शेतावर आले, पांढरे बूट घालून. कमलाबाईंनी खुर्च्या मांडल्या, चहा केला. बाग ऐन ताणात होती. जमीन वखरलेली, पानं मलूल, वळलेली. एक अधिकारी म्हणाला, "हीच का ती? मेल्यासारखीच दिसते." सर मोकळं हसले आणि त्यांनी आकड्यांत सगळं समजावून सांगितलं. मग फोटोवाला ऊन बघून पलीकडे जागा शोधायला लागला, मंडळी तिकडे सरकली.

सर मागे राहिले. धुऱ्याजवळच्या, म्हणजे बांधाजवळच्या, एका झाडापाशी थांबले. आपल्याकडे कुणाचं लक्ष नाही असं त्यांना वाटत असावं, पण मी चहाचे कप गोळा करत तिथेच होते. त्यांनी एक पान तोडलं, दुमडलं आणि कानाशी नेऊन चुरडलं. मग एका बारीक फांदीची साल अंगठ्याच्या नखाने खरवडली आणि आतला रंग बघितला. बुटाच्या टोकाने माती उकरली, वाकून एक ढेकूळ उचललं, मुठीत दाबलं, सोडून दिलं. सगळं मिळून अर्धं मिनिटही लागलं नसेल. शर्टाची बटणं लावताना आपण बघत नाही, तसे त्यांचे हात चालत होते. हे हात लहानपणी वसतिगृहात गेलेल्या मुलाचे नव्हते. या हातांनी ताण पाहिला होता, एकदा नाही, कितीतरी हिवाळे.

कमलाबाई त्यांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. चाहूल लागली तशी सर न वळताच म्हणाले, "आठ दिवस तरी पाणी नको सोडू वं अजून. कांडी ओली आहे, ताण पुरा बसला नाही."

मला वाटतं, तोंडातून शब्द गेल्यावरच त्यांना कळलं आपण काय बोललो ते. मी कपांचा ट्रे खाली ठेवला. त्यांना सगळं माहीत होतं. जानेवारीचं चित्र निवडताना माहीत होतं, नकाशा लाल होताना माहीत होतं, ती डहाळी टेबलावर आली तेव्हा माहीत होतं, मी पिशवीत कागद घेऊन तीन आठवडे हेलपाटे घालत होते तेव्हाही माहीत होतं. मी त्यांना अडाणी म्हणून दिलेली सूट त्या क्षणी परत घेतली. ती आजतागायत माझ्याकडेच आहे.

कमलाबाईंनी आवाज चढवला नाही. "मंग मागच्या साली काहून नाही बोलले, साहेब?" एवढंच विचारलं.

पलीकडून कोणीतरी सरांना हाक मारली. सरांनी खिशातून रुमाल काढला, हाताची माती पुसली आणि वखरलेल्या जमिनीवरून, बूट जपत, तिकडे गेले.

तो फोटो माहितीपत्रिकेवर छापून आला. सर मधोमध उभे आहेत, दोन्ही बाजूंना अधिकारी, मागे बाग. कमलाबाई त्यात नाहीत. त्यांना बोलवायला माणूस आला होता, पण त्या धुऱ्यावरून हलल्या नाहीत. त्यांना अजून उत्तर मिळालं नव्हतं.